नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्राची एम.ए.: पेपर वर्गात वापरून पाहिल्यावरचा अनुभव

शाळेची नोकरी न सोडता पदव्युत्तर पदवी घ्यायची म्हटलं की खानदेशातल्या शिक्षकापुढे पहिलं नाव येतं एम.एड.चं. पण राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार एम.एड. हा दोन वर्षांचा, रोजच्या हजेरीचा अभ्यासक्रम आहे. त्या नियमांत दूरशिक्षणाने एम.एड. नाहीच. धडगाव, अक्कलकुवा किंवा साक्रीच्या शाळेत नेमणूक असलेल्याने रोज जळगाव-धुळ्याला कॉलेज गाठायचं, हे रजेशिवाय शक्य नाही. म्हणून उरते ती दूरशिक्षणातली एम.ए. (शिक्षणशास्त्र). इथे लिहितो आहे ते तिच्याबद्दल, आणि त्यातही अभ्यासक्रम विकसन, अध्यापन पद्धती, मूल्यमापन आणि लघुप्रबंध यांबद्दल. वर्गाला रोज सामोरं जाणाऱ्या माणसाला खरा उपयोग याच भागाचा होतो.

प्रवेशाआधी तीन कागद हातात हवेत. मुख्याध्यापकांमार्फत वरिष्ठ कार्यालयाकडून उच्च शिक्षणाची लेखी पूर्वपरवानगी, आणि तिची सेवापुस्तिकेत नोंद. परवानगी नंतर मिळवू म्हणणाऱ्यांची पदवी सेवेत नोंदवताना अडकते. दुसरं, यूजीसीचा म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा डीईबी आयडी, म्हणजे दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला तो लागतो आणि तो काढायला श्रेयांक पेढीचा म्हणजे एबीसी आयडी (मिळवलेले श्रेयांक जमा राहणारं ऑनलाइन खातं) आधी हवा. आधार आणि दहावीची गुणपत्रिका यांतलं नाव एकसारखं नसेल तर गाडी इथेच थांबते. तिसरा कागद बरेच जण विसरतात. निवड श्रेणीसाठी (ठरावीक सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीसाठी) पदवी दाखवायची असेल, तर ही एम.ए. चालते का हे कार्यालयाकडून आधीच लेखी घ्यावं. स्टाफरूममधल्या तोंडी आश्वासनावर दोन वर्षं घालवू नयेत. आणि ही पदवी टीईटीला म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला पर्याय नाही, हेही लक्षात असू द्यावं.

आता गुणांचा हिशेब, कारण इथे फार जण गाफील राहतात. इग्नूच्या म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या पद्धतीत स्वाध्यायाला ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो, आणि पदव्युत्तर पातळीवर ४० गुणांना पास. पण यूजीसी-नेटला (महाविद्यालयीन प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला) खुल्या गटात ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०. म्हणजे ४५ टक्क्यांनी पास झालेली पदवी भिंतीवर लागते, पुढचं दार उघडत नाही. स्वाध्यायात ८० मिळाले तर त्यांचे २४ होतात. ५५ गाठायला उरले ३१, म्हणजे लेखी परीक्षेत शंभरापैकी साधारण ४५ पुरतात. तेच स्वाध्यायात ६० मिळाले तर लेखीत ५३ लागतात. स्वाध्याय घरी बसून, पुस्तक उघडून लिहायचा असतो, त्यामुळे सगळ्यात स्वस्त गुण तिथेच आहेत. तरीही झेरॉक्सच्या दुकानात तयार उत्तरं विकत घेऊन ती उतरवली जातात. तपासणाऱ्याकडे एकाच मजकुराचे गठ्ठे येतात आणि गुण पन्नाशीपुढे सरकत नाहीत. प्रत्येक उत्तरात आपल्या वर्गातलं एक नेमकं उदाहरण घातलं, इयत्ता, घटक आणि मुलांनी काय चुकवलं यासह, तर फरक लगेच दिसतो.

वेळेचं म्हणाल तर एक श्रेयांक म्हणजे ३० तास. चार श्रेयांकांचा पेपर १२० तासांचा. चोवीस आठवड्यांत तो संपवायचा तर आठवड्याला पाच तास, आणि असे चार पेपर एकदम घेतले तर वीस. पोषण आहाराची नोंदवही, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम हे सगळं सांभाळून आठवड्याला वीस तास निघत नाहीत. किमान मुदत दोन वर्षांची असली तरी विद्यापीठ जास्त मुदत देतं. तीन वर्षं धरून चाललं तर अभ्यास अंगी लागतो.

अभ्यासक्रम विकसनाचा पेपर हा या पदवीचा गाभा. राल्फ टायलरने १९४९ मध्ये मांडलेले चार प्रश्न, म्हणजे उद्दिष्ट काय, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, ते कोणत्या क्रमाने आणि साध्य झालं हे कशावरून ओळखायचं, परीक्षेपुरते कुणालाही पाठ होतात. हिल्डा ताबांचं म्हणणं मात्र सावकाश वाचावं. १९६२ च्या मांडणीत त्यांनी सुरुवात शिक्षकापासून केली. आधी मुलांची गरज ओळखा, छोटा घटक स्वतः तयार करा, वर्गात चाचपून पाहा, मग मोठी चौकट उभारा. आपल्याकडे अभ्यासक्रमाची चौकट पुण्याहून येते आणि टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, तिच्यात बसवायचं असतं. तरीही घटकाच्या पातळीवर ताबांची रीत पूर्ण वापरता येते, कुणाची परवानगी लागत नाही.

सहावीचा शेकडेवारीचा घटक घेऊ. नेहमीचं टाचण सूत्रापासून निघतं. उलट्या नियोजनात आधी ठरवायचं की शेवटी मुलाने काय करून दाखवलं म्हणजे त्याला ते आलं. कापूस विकल्याची पट्टी म्हणजे पावती समोर ठेवायची. वजन ८ क्विंटल, ओलाव्यापोटी २ टक्के घट. किती किलो कापले? १६. भाव क्विंटलला अमुक असेल तर घरात किती रुपये कमी आले? हे ज्याला स्वतः मांडता येतं त्याला शेकडेवारी आली. हा पुरावा पक्का झाल्यावरच तासांची विभागणी करायची. असं केलं की घटकातले दोन-तीन तास वाचतात, कारण पुराव्याकडे न नेणारे सराव आपोआप गळून पडतात. रावेर-यावलकडे केळीच्या रासांचं वजन घ्या, शहाद्याकडे उसाचं.

मूल्यमापनाचा पेपर कोरडा वाटतो, पण घटक चाचणी सुधारायला त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या घटकाला आणि उद्दिष्टाला किती गुण याचा आराखडा, आपण भरतो तो बहुतेक वेळा प्रश्नपत्रिका झाल्यावर. तो आधी भरून पाहावा. प्रश्नांचं पृथक्करण तर प्रत्येकाने एकदा तरी करावंच. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर गुणानुक्रमे वरची २७ टक्के म्हणजे ११ आणि खालची ११ मुलं घ्यायची. एखादा प्रश्न वरच्या ९ आणि खालच्या ४ मुलांनी बरोबर सोडवला, तर काठिण्य मूल्य (दोन्ही गटांत किती जणांना प्रश्न आला) २२ पैकी १३ म्हणजे ५९ टक्के आणि भेददर्शकता (प्रश्न वरच्या-खालच्या गटांत किती फरक दाखवतो) ५ भागिले ११ म्हणजे ०.४५. प्रश्न चांगला आहे. काठिण्य ३० ते ७० च्या बाहेर गेलं किंवा भेददर्शकता ०.३० च्या खाली आली तर प्रश्न दुरुस्त करायचा. खालच्या गटाने जास्त बरोबर सोडवला असेल तर उत्तरसूची तपासा, बहुधा चूक तिथेच असते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे जी पुस्तकात नाही. घरी अहिराणी, पावरी, भिली किंवा मावची बोलणारं मूल गणित येत असूनही शाब्दिक उदाहरणात अडखळतं, आणि चाचणी गणिताऐवजी प्रमाण मराठी मोजत बसते. उपाय सोपा. तेच उदाहरण एकदा आकड्यांत, एकदा लेखी मराठीत आणि एकदा घरच्या बोलीत तोंडी द्यायचं. तिन्हींतला फरक लिहून ठेवला तर लघुप्रबंधाचा विषयच हातात येतो.

लघुप्रबंधावर सगळ्यात जास्त माणसं अडतात. विषय फार मोठा घेतात. ‘नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक समस्या’ हे एका शिक्षकाला झेपणारं काम नव्हे. एक इयत्ता, एक घटक, एक उपक्रम, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी, एवढं पुरे. आणि वेळापत्रक शेतीकडे बघून आखावं. दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलंही जातात, कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी पडते. जुलैत पूर्वचाचणी घेऊन जानेवारीत उत्तरचाचणी घेणाऱ्याला तीसपैकी चोवीसच मुलं सापडतात. मग दोन चाचण्यांच्या सरासरींतला फरक तपासणाऱ्या टी-मूल्यासाठी स्वाधीनता मात्रा (मुलांची संख्या वजा एक) २९ ऐवजी २३ होते आणि ०.०५ पातळीवर सारणीतलं मूल्य २.०४५ वरून २.०६९ वर जातं. हा फरक किरकोळ आहे. खरं नुकसान वेगळंच: गळालेली मुलं बहुतेक सर्वांत मागे असणारी असतात, त्यामुळे सुरुवातीच्या तीस जणांच्या सरासरीशी तुलना केली तर उरलेल्यांची सरासरी उपक्रमाशिवायही वाढलेली दिसते. तोंडी परीक्षेत जाणता परीक्षक नेमका तिथे बोट ठेवतो. जुलैच्या शेवटी पूर्वचाचणी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सहा ते आठ आठवडे उपक्रम आणि पहिल्या सत्र परीक्षेआधी उत्तरचाचणी, असं बसवावं. त्यासाठी आराखडा मागच्या उन्हाळ्यातच मंजूर करून घ्यावा लागतो. जूनच्या परीक्षेनंतर आराखडा लिहायला बसलात तर ते वर्ष गेलं.

मार्गदर्शक जवळचा असावा. पुण्या-मुंबईचं मोठं नाव घेऊन सहीसाठी फेऱ्या मारण्यापेक्षा आपल्या जिल्ह्याच्या डाएटमधला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतला) किंवा बी.एड. कॉलेजातला, संख्याशास्त्र नीट येणारा माणूस बरा. चाचणी किमान पाच जाणत्यांना दाखवून त्यांचे शेरे तारखेसह जपावेत. पालकांचं संमतिपत्र त्यांना वाचून दाखवून घ्यावं. मूळ उत्तरपत्रिका तोंडी परीक्षेचा निकाल लागेपर्यंत रद्दीत देऊ नयेत.

अभ्यास साहित्य बरंचसं इंग्रजी किंवा हिंदीत येतं, मराठी माध्यमाच्या शिक्षकाला पहिले दोन महिने जड जातात. प्रत्येक घटकाचं एक पान मराठी टिपण स्वतः काढत गेलं की परीक्षेआधी पुन्हा ठोकळा उघडावा लागत नाही. पीडीएफ तालुक्याच्या गावी उतरवून ठेवाव्यात, सातपुड्याच्या पट्ट्यात ऐन वेळी रेंज मिळेलच असं नाही. परीक्षा केंद्र निवडताना रेल्वेचा विचार करा. सुरत-भुसावळ मार्गावरचं ठिकाण घेतलं तर नवापूर, नंदुरबार, अमळनेरकडच्यांना सोयीचं पडतं. सकाळचा पेपर असेल तर आदल्या रात्रीच जाऊन राहावं.