एटीव्हीचं टो: टेप की दोरी?

टो म्हणजे पुढची चाकं पुढून आत की बाहेर वळलीत त्याचं माप; ते टेपने किंवा दोरीने बघता येतं. हँडल सरळ धरूनही एटीव्ही (चार चाकांची ऑफ-रोड गाडी) एका बाजूला ओढत असेल, तर आधी टायरची हवा आणि बॉल जॉइंट (चाकाजवळचे फिरते सांधे) तपासा. ढिल्या जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं, टिकत नाही.

टेपने मोजणं सोपं. पुढच्या दोन्ही टायरच्या मधोमध, एक्सलच्या उंचीला, पुढच्या बाजूने खडूची खूण करा, अंतर घ्या. मग गाडी अर्धा फेरा ढकला, त्याच खुणा मागे आल्या की पुन्हा मोजा. खुणा त्याच असल्याने वाकड्या टायरचा फरक निघून जातो. पुढचं अंतर जास्त म्हणजे टो-आउट, चाकं पुढून बाहेर वळलेली. पोलारिस कंपनीच्या बऱ्याच मॉडेल्सना 3 ते 6 मिमी टो-आउट लागतं. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा.

पण कोणतं चाक चुकलंय, हे टेप सांगत नाही. मागच्या चाकांना टेकवून पुढे ताणलेली दोरी ते लगेच दाखवते. मात्र पुढचा-मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) वेगळा असेल तर तो फरक धरावा लागतो, आणि दोरी जराशी अडकली तरी माप फसतं.

मी हँडल बांधून आधी दोरीने दोन्ही चाकं सारखी करतो, शेवटचं माप टेपनेच घेतो. टो बदलण्यासाठी टाय रॉड (चाकं वळवणारा दांडा) फिरवण्याआधी त्याचे दोन्ही लॉकनट सैल करा; बहुधा एका टोकाला उलटे आटे असतात.