बेस गिटारच्या तारा: राउंडवाउंड की फ्लॅटवाउंड?

दोन्हींत मधली पोलादी तार सारखीच. फरक तिच्यावरच्या गुंडाळीचा. राउंडवाउंडला गोल तार गुंडाळतात, म्हणून बोटाला खाचा लागतात. फ्लॅटवाउंडला चपटी पट्टी गुंडाळतात, त्यामुळे ती हाताला गुळगुळीत लागते.

राउंडवाउंडचा आवाज चकचकीत, खणखणीत. 1966 मध्ये ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल याच्याबरोबर रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीने अशा तारा घडवल्या आणि रॉकमधला बेस मागच्या रांगेतून पुढे आला. स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवायचं असेल किंवा पिकने (छोट्या चकतीने), तर याच घ्या. पण ही चमक टिकत नाही. खाचांत घाम नि मळ साठतो, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर काही आठवड्यांतच आवाज मंदावतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसाच.

फ्लॅटवाउंडचा स्वर भरीव, गोलसर, चटकन विरणारा. ढोलकी-तबल्याच्या ठेक्याखाली तो फार छान बसतो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन ‘ला बेला’ कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड वाजवायचा आणि तुटल्याशिवाय सहसा बदलायचा नाही. किंमत जास्त, पण वर्षानुवर्षं चालतात. बोट सरकवताना कर्कश आवाज येत नाही, फ्रेटही (तारांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कमी झिजतात. फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेल्या, बेसच्या लाकडाला तर मी राउंडवाउंड लावणारच नाही. मात्र फ्लॅटवाउंडचा ताण बहुधा जास्त असतो, तेव्हा तारा बदलल्यावर नेकचा (गिटारच्या मानेचा) बाक तपासून घ्या.

जुनी मराठी-हिंदी गाणी वाजवणाऱ्याला मी डोळे झाकून फ्लॅटवाउंडच सांगेन.