ग्रंथालयासाठी अ‍ॅप की वेबसाइट? ज्येष्ठ आणि दृष्टिहीन वाचकांच्या बाजूने पाहिलं तर

सार्वजनिक ग्रंथालय असो, ज्येष्ठ नागरिक संघ असो की पतसंस्था, कमिटीत ऑनलाइनचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आपलं एक अ‍ॅप काढूया". आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयातही तेच झालं. एका काँट्रॅक्टरकडून अ‍ॅप आलं, त्याच्यासोबत मोबाइलवर उघडणारी साधी वेबसाइटही आली, आणि बरेच दिवस दोन्ही शेजारी शेजारी चालली, त्यामुळे मला दोन्हीकडचं जवळून बघायला मिळालं. आमच्याकडे निवृत्त शिक्षक बरेच, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले बरेच, आणि काही पूर्ण दृष्टिहीन वाचक आहेत जे टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, लावून फोन वापरतात. पुस्तक आहे का बघणं, राखून ठेवणं, मुदत वाढवणं, वर्गणी भरणं एवढीच कामं. माझा कल शेवटी वेबसाइटकडे गेला, पण अ‍ॅपची बाजू लंगडी नाही, ती आधी सांगतो.

अ‍ॅप नीट बनवलं असेल, म्हणजे अँड्रॉइडची स्वतःची बटणं आणि रकाने वापरून, तर टॉकबॅकला फार शिकवावं लागत नाही. "मुदतवाढ, बटण, दोनदा टॅप करा" असं आपोआप बोललं जातं. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं की अ‍ॅपमध्येही मोठं होतं, अँड्रॉइड 14 पासून तर थेट 200 टक्क्यांपर्यंत. बोट टेकवून लॉगिन होतं, पासवर्ड लक्षात ठेवायला नको, ज्येष्ठांना हे खरंच आवडतं. बोलकी पुस्तकं डाउनलोड करून रेंज नसताना ऐकायची असतील तर मी डोळे झाकून अ‍ॅप घ्या म्हणेन, तिथे वेबसाइट कमी पडते.

फक्त "नीट बनवलं असेल तर" यात सगळं आलं. स्वस्तात तयार होणाऱ्या अ‍ॅपमध्ये बऱ्याचदा सगळी बटणं नुसत्या चित्रांची असतात आणि त्यांना नाव दिलेलं नसतं, मग टॉकबॅक नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणत जातो. अर्थात वेबसाइटवरही हाच गुन्हा होतो, तिथेही चित्रावर क्लिक लावून मोकळे होतात, त्यामुळे या मुद्द्यावर मी कुणाला जास्त गुण देणार नाही. कायद्याच्या बाजूनेही फरक नाही, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दोन्हीला सारखाच लागू आहे. 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं, ते प्रकरण तर अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका बाईंना बँकेच्या ऑनलाइन केवायसीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवता आली नाही यावरून उभं राहिलं होतं. तेव्हा लॉगिनला चेहरा दाखवा, डोळे मिटा असलं काही ठेवणार असाल तर दुसरा रस्ताही ठेवाच, अ‍ॅप असो की साइट.

आता माझ्यापुरतं ज्याने ठरलं ते सांगतो, आणि हे इंग्रजीतल्या माहितीत सहसा सापडत नाही कारण त्यांच्या लिपीला हा त्रास कमी आहे. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी बरंच काही असतं, रफार, अनुस्वार, मात्रा, उकार. आमच्या अ‍ॅपमध्ये ओळींची आणि बटणांची उंची पक्की बांधून ठेवलेली होती. सभासदाने फोनमध्ये अक्षर मोठं केलं की अक्षर वाढायचं, पण चौकट तेवढीच राहायची, आणि मग वरचं खालचं छाटलं जायचं. वर्गणीचं "वगणी", पुस्तकचं "पस्तक", आणि "सोमवारी बंद" या पाटीचं "सामवारी बद". ज्यांना मोठं अक्षर लागतं त्यांनाच अर्धवट शब्द दिसत होते, ज्यांचे डोळे चांगले त्यांना सगळं ठीक, त्यामुळे कमिटीत कुणाला तक्रार खरी वाटेना. मी अध्यक्षांच्याच फोनवर अक्षर पूर्ण मोठं करून दाखवलं तेव्हा त्यांना पटलं.

तरी दोष म्हणून हा एवढा मोठा नाही, दुरुस्त होतो. खरा वैताग दुरुस्तीनंतरचा. अ‍ॅपवाल्याने उंची मोकळी केली, नवीन आवृत्ती प्ले स्टोअरवर चढवली, आणि सभासदांच्या फोनवर काहीच बदललं नाही. कारण बऱ्याच फोनवर अपडेट फक्त वायफायवर अशी सोय असते आणि आमच्याकडे घरोघरी वायफाय कुठे, सगळे मोबाइल डेटावर. वर स्टोरेज फुल. मग ग्रंथपाल बाई पुस्तक देता-घेता एकेकाचा फोन हातात घेऊन जागा रिकामी करून अपडेट करून देत होत्या, आणि जे घरून येऊच शकत नाहीत, ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, त्यांच्याकडे जुनंच "वगणी" चालू. वेबसाइटवरही अगदी तोच दोष निघाला होता, तिथे स्टाइलमध्ये ओळीची उंची वाढवली, चौकटीची उंची काढून टाकली, आणि संध्याकाळी सगळ्यांना नीट दिसायला लागलं, कुणाला काही करावं लागलं नाही. सुगम्यतेचं, म्हणजे सगळ्यांना वापरता येईल असं करण्याचं, काम एकदा करून संपत नाही, रोज कुणीतरी नवीन अडचण सांगतं, आणि ती दुरुस्ती ज्याने सांगितली त्याच्यापर्यंत लगेच पोचणार नसेल तर तो पुढच्या वेळी सांगत नाही. मी तरी यावरच ठरवलं.

बाकीच्या गोष्टी त्यामानाने किरकोळ. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की साइट थेट त्या पुस्तकाच्या पानावर उघडते. बोटांनी पान मोठं करता येतं, बहुतेक अ‍ॅपमध्ये येत नाही. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असं एकदा लिहिलं की कॉम्प्युटरवर स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकतं. पैशाचं म्हणाल तर प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच 25 डॉलर, अ‍ॅपलची दरवर्षी 99, हे एक वेळ जमेल, पण अँड्रॉइडची नवी आवृत्ती येत राहते तसं गूगलच्या नियमाने अ‍ॅपही ताजं ठेवावं लागतं, आणि अनुदानावर चालणाऱ्या क किंवा ड वर्गाच्या ग्रंथालयाला दरवर्षी काँट्रॅक्टर कुठून परवडणार. होम स्क्रीनवर चिन्ह हवंच असेल तर साइटचंही ठेवता येतं, बऱ्याच सभासदांना ते अ‍ॅपच वाटतं.

एक सल्ला मात्र. वेबसाइट घेताय म्हटल्यावर कुणीतरी "एक विजेट चिकटवा, साइट आपोआप सुगम्य होते" असं विकायला येईल, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असतं ते. त्याने मूळ पान सुधारत नाही. अमेरिकेत 2025 मध्ये असल्याच दाव्यांवरून एका कंपनीला 10 लाख डॉलर भरावे लागले. विजेटचे पैसे बटणांना नावं द्यायला आणि फॉर्म नीट करायला वापरा.

तुमच्याकडे बोलक्या पुस्तकांचा संग्रह असेल, किंवा रोज वापरणारे दृष्टिहीन सभासद जास्त असतील आणि घरचाच कुणी अँड्रॉइड जाणणारा मुलगा वर्षानुवर्षं सांभाळणार असेल, तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, माझा आग्रह नाही. पण सही करण्याआधी दोन्ही नमुने मागवा, साध्या जुन्या फोनवर अक्षर सगळ्यात मोठं करून "वर्गणी"वरचा रफार शाबूत आहे का बघा, मग टॉकबॅक चालू करून स्क्रीनकडे न बघता एक पुस्तक राखून दाखवायला सांगा. आणि काँट्रॅक्टरला विचारा की उद्या यात चूक सापडली तर घरी बसलेल्या आजींच्या फोनवर ती कधी दुरुस्त होईल, त्याचं उत्तर करारात लिहून घ्या.