'एफआय किट'च्या नावाखाली १८,६५० रुपयांना टोपी

लिहायला लाज वाटते, कारण मी बावीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. पण पुढच्या रविवारी हे किट विकणारा माणूस तुमच्या गावात असेल, म्हणून लिहितोय.

गाडी वडिलांची. २०१० ची हीरो होंडा स्प्लेंडर, ९७.२ सीसी. वडील गेले, गाडी राहिली. गेल्या वर्षी पंधरा वर्षं झाली म्हणून आरसी रिन्यूअलची घाई होती, त्यात ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलची भीती सगळीकडे घातलेली. नेमका तेव्हाच फोनवर व्हिडिओ आला: जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) काढा, फ्युएल इंजेक्शन (एफआय, म्हणजे पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बसवा, गाडी नव्या प्रदूषण नियमांच्या बीएस-६ सारखी करा, मायलेज ८५. खाली एक दिवसाच्या 'फिटिंग कॅम्प'ची तारीख. फोन केला तर समोरचा म्हणाला, "सर, यापुढे कार्ब्युरेटरवाल्या गाडीचं रिन्यूअलच होणार नाही." धादांत खोटं. जुन्या गाडीला तिच्या वेळचेच नियम लागतात आणि पार्ट बदलून बीएस-३ ची गाडी बीएस-६ होत नाही. पण तेव्हा मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. वडिलांची गाडी भंगारात जाईल म्हटल्यावर माणूस फार प्रश्न विचारत नाही.

हिशोब असा. किट १५,२००. जुना कार्ब्युरेटर जमा केला तर ७०० कमी, म्हणजे १४,५००. त्यातले ५,००० बुकिंगला क्यूआरवर, ९,५०० कॅम्पात रोख. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्याशा जनरल स्टोअर्सचं. विचारलं तर "भावाचं अकाउंट आहे". पैसे घेणाऱ्याचं नाव आणि दुकानाचं नाव जुळत नसेल तर तिथूनच मागे फिरा. मी फिरलो नाही. माझ्या आधी दहा गाड्या रांगेत होत्या, त्यात एक माझ्या ओळखीचे ग्रामसेवक. एवढे सगळे काय वेडे आहेत, असं वाटलं. होतो, सगळेच.

आता ज्या क्षणासाठी मला अजून रात्री झोप लागत नाही, तो सांगतो. फिटिंग झालं. कॅम्पातल्या पोराने किल्ली फिरवली. मीटरच्या शेजारी चिकटवलेला पिवळा 'एफआय' दिवा पेटला, दोन सेकंदांनी विझला. "झालं सर, सिस्टिम ओके." शेजारच्या पाटलांची नवी गाडी मी रोज सकाळी ऐकतो. किल्ली फिरवली की टाकीतला पंप आधी झूंऽऽ करतो, मगच ते बटण दाबतात. माझ्या गाडीतून काहीच आवाज आला नाही. मी विचारलंसुद्धा, "पंपाचा आवाज येत नाही?" तो म्हणाला, "सायलेंट पंप आहे सर, इम्पोर्टेड." आणि मी मान डोलावली! पंप टाकीत असतो हे मला माहीत होतं. टाकी कुणी उघडलीच नव्हती, मी समोर खुर्ची टाकून चहा पीत बसलो होतो. पेट्रोलचा कॉक जागच्या जागी होता, ऑन, ऑफ, रिझर्व्ह सगळं तसंच. पेट्रोल वरून खाली आपोआप उतरत असेल तर इंजेक्टरला तीन बारचा दाब देतंय कोण? हा प्रश्न मी दहावीच्या पोरांना घालू शकलो असतो. स्वतःला घातला नाही.

पंधरा दिवसांनी गाडी मिसिंग करायला लागली. त्याला फोन केला. "मॅपिंग करावं लागेल", १,८००. लॅपटॉप घेऊन आला, वायर लावली, हिरव्या रेघा हलल्या. मग "ओटू सेन्सर गेलाय" (सायलेन्सरच्या आतल्या धुरातला ऑक्सिजन मोजतो तो), २,३५०. तो सेन्सर त्याने सायलेन्सरच्या बेंडला क्लिपने आवळून बसवला. बेंडला भोकसुद्धा पाडलं नाही! बाहेरून धूर हुंगणारा सेन्सर. एकूण १८,६५०.

शेवटी विट्याच्या अलीकडे गाडी बंद पडली आणि खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकायला लागलं. ढकलत गॅरेजवर नेली. गॅरेजवाला माझाच विद्यार्थी, २००९ च्या बॅचचा. त्याला आधी विचारलं नव्हतं, कारण वाटलं की याचा कार्ब्युरेटर साफ करायचा धंदा बुडेल म्हणून तो नकोच म्हणेल. त्याने वाकून बघितलं आणि हळूच म्हणाला, "सर, इंजेक्शनच्या गाडीला ओव्हरफ्लो होत नाही." मग चार स्क्रू काढून चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची टोपी उचलली. आत कार्ब्युरेटर. हलक्यातला, नाव नसलेला. 'ईसीयू'चा, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, काळा डबा करवतीने कापला तर आत डांबर आणि वजनाला फरशीचा तुकडा. सगळ्या वायरी हार्नेसमध्ये नुसत्या खोचलेल्या. दोनच खऱ्या, त्या पिवळ्या दिव्याच्या. पीयूसीत रीडिंग चांगलं आलं होतं ना? कॅम्पवाल्याने स्क्रू फिरवून मिक्श्चर पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) करून ठेवलं होतं. त्यानेच इंजिन तापत होतं. माझा मूळचा कार्ब्युरेटर ७०० रुपयांना गेला तो गेलाच. नवा १,६५०, नळ्या आणि मजुरी ८५०. मजुरी माझा विद्यार्थी घेत नव्हता, मी बळेच दिली.

पोलीस ठाण्यात तक्रारीला गेलो तिथे पहिला प्रश्न, "सर, तुम्ही शिक्षक ना?" म्हणजे चूक माझीच. मग, वस्तू मिळाली, पैसे दिले, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. मी म्हटलं, हा डबा बघा, यात फरशी आहे, ही फसवणूक नाही तर काय? न्याय संहितेचं कलम ३१८ मीच वाचून दाखवलं. "अर्ज देऊन जा." दिला. आठ दिवसांनी साहेब बंदोबस्ताला, त्यानंतर साहेबांची बदली, नव्या साहेबांना अर्ज सापडेना, पुन्हा झेरॉक्स. क्यूआर कुणाच्या खात्याचा हे बँकेला विचारायला एक पत्र लागतं, ते पत्र काही निघत नाही. बँकेत गेलो तर, तुम्ही स्वतः पिन टाकलाय. परिवहन कार्यालयातल्या साहेबांनी तर कमालच केली. "परवानगीशिवाय गाडीत बदल? मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड आहे, माहितीये ना?" कायद्यात तसं आहे, कलम १८२अ. पण साहेब, बदल झालाच कुठे, कार्ब्युरेटरच्या जागी कार्ब्युरेटर! मी घाबरून घरी आलो. आणि भर कॅम्पात मांडव घालून अकरा गाड्या उघडणाऱ्याला परवानगी कुणी विचारली नाही.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, तिथे जातोय. पण पक्कं बिल नाही. आहे ती 'एस्टिमेट' लिहिलेली पिवळी पावती. म्हणून सांगतो, जीएसटी क्रमांक असलेलं बिल नसेल तर पैसे काढूच नका. रोख तर मुळीच नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, त्याच तासात फोन करा, माझ्यासारखे दोन महिने शरमेने गप्प बसू नका. काढलेला पार्ट कुणालाही जमा करू नका. आणि ई-२० चीच भीती असेल तर रबरी नळ्या, गॅस्केट बदलून घ्या. शे-दोनशेच्या गोष्टी आहेत.

ग्रामसेवक अजून मानायला तयार नाहीत. म्हणतात, माझी गाडी चांगली चालते. त्यांचा दिवा पेटतो, विझतो.

परवा तीच जाहिरात नव्या नंबरवरून आली, 'सणाची ऑफर १२,९९९'. कापलेला डबा मी शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटात ठेवलाय. ज्यांनी बुकिंग केलंय त्यांनी अकरा ते पाच कधीही यावं, फरशीसकट दाखवतो.