लग्नाचा वाढदिवस, दोन दिवस आणि मोजके पैसे: नावाजलेलं महानगर की जवळचं मध्यम शहर?

लग्नाच्या सहाव्या वाढदिवसाला आम्ही एका नावाजलेल्या महानगरात गेलो होतो. खोलीला खिडकी होती, पण पडदा सरकवला की समोर हातभर अंतरावर भिंत आणि भिंतीवर गरगरणारी एसीची दोन यंत्रं. खोली स्वस्त पडावी म्हणून शहराच्या टोकाला घेतली होती, त्यामुळे रोज जाऊन-येऊन अडीच तास मेट्रोत गेले. दुसऱ्या रात्री बूट काढता काढता नवरा म्हणाला, "वाढदिवस शहरात कुठे झाला, मेट्रोत झाला."

नवव्या वाढदिवसाला साधारण तेवढ्याच पैशांत तीन तासांवरच्या एका मध्यम शहरात गेलो, जिथे कुणी मुद्दाम उठून फिरायला जात नाही. खोलीला बाल्कनी होती, खाली जुना चौक, आणि स्टेशनवरून चालत सात मिनिटं. सगळं झकास. मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता आम्ही बागेतल्या बाकावर बसून एकमेकांना विचारत होतो, "आता काय?"

म्हणजे दोन्हीकडे पैसे तेवढेच गेले, कमी पडलेल्या गोष्टी तेवढ्या वेगळ्या. तुम्ही या दोन पर्यायांत अडकला असाल तर पुढचा हिशेब उपयोगी पडेल.

आधी प्रवास, कारण दोन दिवसांची सहल तिथेच निम्मी होते

मुक्काम एक-दोन रात्रींचा असेल तर अंतर किलोमीटरात मोजू नका, घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतच्या तासांत मोजा. दीड तासाचं विमान म्हणजे प्रत्यक्षात पाच-सहा तास: विमानतळावर लवकर पोहोचणं, सुरक्षा तपासणी, सामानाची वाट आणि शेवटी शहरात शिरणं. त्यातही सगळ्यात स्वस्त तिकीट बऱ्याचदा लांबच्या विमानतळाचं असतं. पॅरिसच्या नावाने विकलं जाणारं बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे, आणि फ्रँकफर्टचं नाव लावणारं हान तर सुमारे १२० किलोमीटरवर. तिथून बसचं भाडं, तेही दोघांचं आणि दोन्ही वेळचं, तिकिटात मिळवून बघा. स्वस्ताई बरीचशी तिथेच विरघळते.

रात्रीची गाडी पकडून एका रात्रीचं हॉटेल वाचवायचं, हा सल्ला सगळेच देतात. एरवी मीही देईन. पण वाढदिवसाच्या सहलीला जाताना रात्रीचा प्रवास नको. पहाटे साडेपाचला उतरायचं, खोली मिळणार दुपारी दोनला, आणि मधले आठ-नऊ तास न विंचरलेल्या केसांनी कुणाच्या तरी लॉबीत बॅगा राखत बसायचं. जाताना दिवसा आणि येताना रात्री, हा आमचा तोडगा. परतताना झोप मोडली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

या मुद्द्यावर जवळचं शहर सरळ जिंकतं. मुलांना आजी-आजोबांकडे एकाच रात्रीसाठी सोडणार असाल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, जवळच जा.

खोलीचा भाव वाराप्रमाणे फिरतो

खोलीच्या दरात शहरापेक्षा वाराचा हात मोठा असतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. शहरं ढोबळमानाने दोन जातींची. कामाची शहरं, म्हणजे जिथे कारखाने, कचेऱ्या, परिषदा असतात, तिथली हॉटेलं सोमवार ते गुरुवार भरलेली आणि शनिवार-रविवारी रिकामी. फिरायला जायची शहरं नेमकी उलटी: शुक्रवार-शनिवार रात्रीचे दर चढलेले, आठवड्याच्या मध्यात उतरलेले. दोन्हीकडे बहुधा सैल असणारी एकच रात्र म्हणजे रविवारची. हौशी मंडळी परतलेली असतात आणि कामाची मंडळी अजून पोहोचलेली नसतात.

बहुतेक मध्यम शहरं कामाची असतात. त्यामुळे शनिवार-रविवारी तिथे ज्या पैशांत ऐसपैस खोली मिळते, त्याच पैशांत त्याच शनिवारी महानगरात आमची ती भिंत मिळते.

मात्र मध्यम शहराची एक खोड आहे. तिथे मुळात हॉटेलं थोडी. एखादं मोठं लग्न, एखादी परीक्षा किंवा विद्यापीठाचा पदवीदान समारंभ असला की गावात खोली उरत नाही. महानगरात एवढ्याशा गोष्टीने फरक पडत नाही, तिथे मोठा प्रसंग लागतो. म्युनिकमध्ये सप्टेंबरात ऑक्टोबरफेस्ट सुरू झाला, किंवा बार्सिलोनात मोबाइल कंपन्यांची वार्षिक परिषद भरली, की दर कुठल्या कुठे जातात. तारीख पक्की करण्याआधी त्या शहरात त्या दिवसांत काय आहे एवढं शोधून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

दरात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पर्यटक-कर. युरोपातल्या बऱ्याच नावाजलेल्या शहरांत तो हॉटेलच्या बिलावर वेगळा लागतो. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून तो खोलीच्या दराच्या साडेबारा टक्के होता. व्हेनिसने २०२४ मध्ये दिवसभरासाठी येणाऱ्यांवर ठरावीक दिवशी प्रवेश-शुल्क लावलं, पण शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते माफ ठेवलं. तरी मुक्कामाचा कर आहेच. आडवळणाच्या शहरांत हा कर बहुतेक वेळा नसतो किंवा नाममात्र असतो.

आता मध्यवर्ती खोली की टोकाची? महानगरात टोकाला राहण्याचा मोह होतोच. हिशेब असा करा: दोन माणसं, दिवसाला किमान दोन फेऱ्या, आणि रात्री उशिरा मेट्रो बंद झाल्यावरची एक टॅक्सी. एवढं करूनही टोकाची खोली स्वस्त पडत असेल तर शेवटचा प्रश्न विचारा: दुपारी पाय दुखले तर तासभर खोलीवर येऊन पडता येईल का? वाढदिवसाच्या सहलीत ही दुपारची झोप मला स्थळदर्शनाहून महत्त्वाची वाटते. मध्यम शहरात हा प्रश्नच येत नाही, कारण तिथलं टोकही मध्यावरून वीस मिनिटांवर असतं.

फोटो बघताना एक खूणगाठ बांधून ठेवा. पलंगाचे चार फोटो, उशीवरच्या फुलांचा एक, नळाचा एक आणि खिडकीचा एकही नाही, असं दिसलं की भिंत आहे असं समजा. फोटो दाराच्या कोपऱ्यातून उंच धरून काढलेला असेल तर खोली दिसते त्याहून लहान.

आणि वाढदिवस आहे हे हॉटेलला आधी कळवा, खोली घेतानाच, दोन ओळींत. काउंटरवर पोहोचल्यावर सांगून उपयोग नाही, तोवर खोल्या वाटून झालेल्या असतात. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशा लहान हॉटेलात, रविवारी रात्री, रिकामी असलेली बरी खोली मिळायची शक्यता खरंच असते. आम्हाला बाल्कनी तशीच मिळाली होती.

दिवसभर करायचं काय

इथे पारडं फिरतं. महानगर महाग, हा समज खोलीपुरता आणि जेवणापुरता खरा. बघण्याच्या बाबतीत मोठी शहरं कमालीची उदार असतात. लंडनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांचा कायमचा संग्रह २००१ पासून सगळ्यांना फुकट बघता येतो. वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची संग्रहालयंही फुकट. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात बंद होण्याआधीचे शेवटचे दोन तास तिकीट लागत नाही. न्यूयॉर्कमधल्या स्टॅटन आयलंड फेरीबोटीने १९९७ मध्ये भाडं घेणंच थांबवलं. पंचवीस मिनिटांच्या त्या प्रवासात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बाजूने सरकत जातो, आणि सूर्यास्ताच्या वेळी कठड्याला टेकून उभं राहिलात तर पैसे भरून केलेल्या क्रूझची उणीव भासत नाही. लक्झेंबर्ग तर देशच असा आहे की २०२० पासून तिथली सार्वजनिक वाहतूक पाहुण्यांनाही मोफत आहे. फक्त रेल्वेच्या पहिल्या वर्गाचं तिकीट लागतं.

फुकटात गर्दीही आलीच, हे ओघाने आलं. इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात. त्या दिवशी नावाजलेल्या ठिकाणी जोडीदाराचा हात धरायचा तो प्रेमाने नव्हे, हरवू नये म्हणून.

आणि इथेच रविवारच्या स्वस्त रात्रीचा फास बसतो. रविवारी राहिलात म्हणजे सोमवारी फिरणार, आणि जगभरातली कितीतरी संग्रहालयं सोमवारीच बंद. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं, ताजमहाल शुक्रवारी. बऱ्याच चांगल्या खानावळीही सोमवारी सुट्टी घेतात. महानगरात एक दार बंद असलं तरी दुसरं उघडं सापडतं. मध्यम शहरात मात्र बघण्यासारखं संग्रहालय एक, राजवाडा किंवा जुनं देऊळ एक, नदीकाठ एक. त्यातली दोन सोमवारी बंद असली की तुम्ही बाकावर. आमचं तेच झालं होतं. दोष शहराचा नव्हता, वार न बघता निघालेल्या आमचा होता.

म्हणून मध्यम शहरात जायचं तर बघायच्या गोष्टी शनिवार-रविवारी उरकायच्या आणि सोमवारसाठी बंद होऊ न शकणारं काहीतरी राखून ठेवायचं: बाजार, टेकडी, नदीकाठची लांब चाल, किंवा कुणा कारागिराकडे आधी वेळ ठरवून अर्धा दिवस हात मळवणं.

एक प्रश्न दोघांनी एकमेकांना खरा खरा विचारावा: आपल्याला बसता येतं का? काही जोडप्यांना एकाच कट्ट्यावर दोन तास काढता येतात, काहींना पंधराव्या मिनिटाला फोन काढावा लागतो. दुसऱ्या जातीचे असाल तर महानगरच बरं. दोघांच्या आवडी टोकाच्या असतील, म्हणजे एकाला चित्रं आणि दुसऱ्याला आगगाड्या, तरीही महानगर. सकाळ वेगवेगळी घालवून दुपारी भेटता येतं. वाढदिवसाला वेगवेगळं फिरायचं, हे ऐकून माझ्या सासूबाईंच्या भुवया वर गेल्या होत्या, पण त्या दुपारी आम्हाला एकमेकांना सांगायला काहीतरी होतं.

संध्याकाळ

महानगराची संध्याकाळ संपत नाही, मध्यम शहराची साडेनवाला संपते. नाटक, संगीत, ऑपेरा यांसाठी मोठ्या शहरात स्वस्त वाटा असतात. न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरला त्याच दिवसाची नाटकाची तिकिटं सवलतीत विकणारी खिडकी १९७३ पासून चालू आहे. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरात उभं राहून ऐकण्याच्या जागा नाममात्र दरात मिळतात. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये तिथे हंगामच नसतो. लंडनला उन्हाळ्यात रॉयल अल्बर्ट हॉलच्या प्रॉम्स मैफिलींतही तशीच उभ्याची तिकिटं. अनुभव सुंदर असतो, पण तीन तास उभं राहायचं हे बूट निवडताना आठवावं. खास दिवसासाठी घेतलेले नवे बूट त्या दिवशी घालू नयेत.

जेवणाबद्दल एवढंच: एकदाच भारी जेवायचं असेल तर ते दुपारी जेवा. नामांकित ठिकाणी दुपारचा ठरावीक बेत रात्रीपेक्षा बराच स्वस्त असतो, स्वयंपाकघर मात्र तेच. रात्री मग बाल्कनीत काहीतरी हलकंफुलकं चालतं. अर्थात बाल्कनी असली तर.

आणि तारीख

या सगळ्याच्या मुळाशी एक अडचण आहे. लग्नं बहुतेक चांगल्या हवेच्या आणि सुट्ट्यांच्या दिवसांत होतात, त्यामुळे वाढदिवसही दरवर्षी नेमके त्याच चढ्या दरांच्या दिवसांत येतात. तारखेला चिकटून राहिलात तर महानगर जवळपास बादच होतं, मध्यम शहर तग धरतं. तारीख तीन-चार आठवडे पुढे-मागे सरकवायची तयारी असेल तर महानगरही आवाक्यात येतं. आमच्या घरी आता मूळ तारखेला चहा आणि जुने फोटो, सहल सोयीने. पंचविसावा असता तर कदाचित हट्ट धरला असता.

माझा कौल मागाल तर एका रात्रीसाठी, चढ्या दिवसांत, किंवा वर्षभराच्या धावपळीने शिणून गेला असाल तर मध्यम शहर, आणि तिथली मध्यावरची सगळ्यात बरी खोली. तीन रात्री हाताशी असतील, तारीख हलत असेल आणि पाय धडधाकट असतील तर महानगर. तिथे एक रात्र कमी करा, पण खोली मध्यावर घ्या. लांबच्या महानगरात एकच रात्र काढायला जाणं मात्र मला कुठल्याच हिशेबात बसवता आलेलं नाही.

यंदा अकरावा. शनिवारी सकाळी निघून सोमवारी रात्री परत, चार तासांवरचं शहर, नदी आहे असं कळतं. मी सोमवारी उघडं असलेलं एखादं संग्रहालय शोधते आहे. नवरा हॉटेलचे फोटो मोठे करून करून खिडकी शोधतो आहे. आतापर्यंत पलंग सापडलाय, फुलं सापडलीत, नळही सापडलाय.