'गेमिंग लाइन'च्या नावाखाली आमचे साडेआठ हजार गेले, तुम्ही सावध राहा

नाशिकमध्ये आमच्या भागातला एक नेटवाला सध्या घरोघरी 'गेमिंग लाइन' विकत फिरतोय, म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्या घरातली मुलं रात्री व्हॅलोरंट किंवा बीजीएमआयसारखे ऑनलाइन गेम खेळतात, तीच घरं तो बरोबर हेरतो.

आमचं दुखणं साधं होतं. रात्री नऊनंतर धाकट्या भावाचा पिंग (गेमच्या सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत; जितका कमी तितका चांगला) वीसवरून एकदम तीनशेवर जायचा आणि ऐन मॅचमध्ये सगळं अडकायचं. नेटवाला म्हणाला, "ताई, तुमची लाइन पुरत नाही. 200 एमबीपीएसचा प्लॅन घ्या, सोबत गेमिंग राउटर लावू. वर्षाचे पंधराशे भरलेत की कंपनीकडून गेमला प्रायॉरिटी लावून देतो." राउटरचे 7,000 वेगळे. पैसे त्याने स्वतःच्या नंबरवर घेतले आणि बिल "पाठवतो" म्हणाला. ते आजतागायत आलेलं नाही.

स्पीड टेस्ट त्याने सकाळी अकराला दाखवली, तीही राउटरला खेटून उभं राहून. पप्पा ऑफिसात, भाऊ कॉलेजात. अशा वेळी पिंग कुणाच्याही घरी चांगलाच येणार! रात्री पुन्हा तेच तीनशे.

पुण्यात नेटवर्किंगचं काम करणारा मामेभाऊ घरी आला तेव्हा खरा प्रकार कळला. त्याने लॅपटॉप थेट केबलने राउटरला जोडला आणि 'पिंग -टी 8.8.8.8' ही गूगलच्या सर्व्हरपर्यंतचा पिंग सतत मोजणारी कमांड चालू ठेवली. आकडे येत होते 12, 13, 12. मग पप्पांच्या मोबाइलवरून एक मोठा व्हिडिओ गूगल फोटोजवर चढवायला लावला. लगेच 190, 260, 340. अपलोड थांबवला, की पुन्हा 12.

म्हणजे दोष डाउनलोडच्या स्पीडचा नव्हताच. प्लॅनवर 200 लिहिलेलं असलं तरी अपलोड मोजला तर जेमतेम 20 भरला. पप्पा घरी आले की त्यांच्या फोटोंचा बॅकअप सुरू होतो, शिवाय दारावरचे कॅमेरे क्लाउडवर चित्रण पाठवत असतात. अपलोड भरला की राउटरमध्ये डेटाची रांग लागते आणि गेमचे छोटे पॅकेट (डेटाचे तुकडे) त्या रांगेत मागे अडकतात. याला बफरब्लोट म्हणतात. ही रांग आवरली नाही, तर डाउनलोड कितीही वाढवा, पिंग उडतच राहतो.

आणि तो राउटर! चार अँटेना, लाल पट्ट्या, खाली 'गेमिंग प्रो'चं चकचकीत स्टिकर. मामेभावाने नखाने त्याचा कोपरा उचलला, तर खाली कंपनीचं मूळ लेबल निघालं: एन300, म्हणजे साधा, स्वस्तातला राउटर. फक्त 2.4 गीगाहर्ट्झ, आणि पोर्ट 100 एमबीपीएसचे. त्यातून 200चा प्लॅन केबलनेसुद्धा 94-95च्या वर जाऊच शकत नाही. दीड-दोन हजारांच्या आतली वस्तू सात हजारांना गळ्यात मारली.

प्रायॉरिटीचं तर काही अस्तित्वच नव्हतं. असा प्लॅन आमच्याकडे नाही, हे कंपनीच्या कस्टमर केअरने ईमेलवर कळवलंय. 2018 पासून इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यातच नेट न्यूट्रॅलिटीची अट आहे, ठरावीक ॲपला झुकतं माप देता येत नाही. हे माहीत नसलेल्या आईबापांना हा माणूस राजरोस गंडवतोय, याची मला खरी चीड आहे.

उपाय फुकटात झाला. जुनाच राउटर परत लावला, त्याच्या क्यूओएसमध्ये (कुणाचा डेटा आधी जावा हे ठरवणारी सेटिंग) रांग लागू नये म्हणून एकूण अपलोड 20 ऐवजी 17 वर बांधला आणि भावाच्या पीसीला वरचा क्रम दिला. पीसीला लॅन केबल ओढली, फोटोंचा बॅकअप मध्यरात्रीनंतर लावला. नवा राउटर घेणारच असाल, तर त्यात एसक्यूएम, म्हणजे ही रांग आपोआप आवरणारी सोय, आहे का ते विचारा. फास्ट डॉट कॉम या स्पीड टेस्टच्या साइटवर 'लोडेड' लेटन्सी, म्हणजे लाइन भरलेली असतानाचा पिंग, वेगळी दिसते. ती रिकाम्या वेळच्या आकड्याच्या कितीतरी पट असेल, तर तुमच्याकडेही हेच चाललंय.

"उघडलेला माल परत घेत नाही" म्हणून त्याने हात वर केलेत. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट, दोन्ही लेबलांचे फोटो आणि कंपनीचा ईमेल जोडून ग्राहक हेल्पलाइन 1915 कडे तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडे तो येऊन गेला असेल, तर राउटर उलटा करून स्टिकरखालचं लेबल आधी बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.