थंडीने करपलेलं लक्ष्मणफळ: घरात आणायचं की गच्चीवरच झाकायचं?

डिसेंबरअखेरची लाट ओसरली की नागपुरात गच्चीवर झाडं लावणाऱ्यांची चिंता सुरू होते. संत्र्याच्या कुंडीला काही होत नाही, चिकूही जरा मलूल होऊन सावरतो. पण लक्ष्मणफळ (सीताफळाच्याच कुळातलं), वॉटर ॲपल आणि आंब्याची कोवळी फूट यांची पानं कडेने काळपट पडतात आणि गळू लागतात. सीताफळ यात धरू नका, ते हिवाळ्यात पानं टाकतंच.

झाड जिवंत आहे, पण अजून दीड महिना तरी रात्री गार राहणार. तोवर ते कुठे सांभाळायचं? काही जण कुंडी सरळ बैठकीत आणतात, काही जण गच्चीवरच ठेवून रात्री झाकतात. माझ्याकडे एकाच नर्सरीतून आणलेली लक्ष्मणफळाची दोन झाडं आहेत. एका हिवाळ्यात दोन्हींची पानं गळाल्यावर एक घरात घेतलं, दुसरं वर ठेवलं. पुढचं सगळं त्या अनुभवावरून. तुमच्या घराची दिशा वेगळी असेल तर थोडा फरक पडेल.

घरात आणण्याच्या बाजूने बोलायचं तर रात्रीची काळजी मिटते. २९ डिसेंबर २०१८ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. लक्ष्मणफळाला तर पारा पाचाच्या आसपास आला तरी सोसत नाही. ३.५ हा आकडा सोनेगावच्या वेधशाळेचा. महाल-इतवारीच्या दाट वस्तीत थोडी ऊब असते, उलट बेसा-हिंगण्याकडे मोकळ्यावर घर असेल तर थंडी जास्तच लागते. अशा रात्री चार भिंतींइतका भरवशाचा आडोसा नाही. शिवाय घरातल्या झाडाला फूटही लवकर येते. माझ्या बैठकीतल्या झाडाचे डोळे, म्हणजे जिथून फूट येते ते कोंब, जानेवारी संपायच्या आतच फुगले होते, गच्चीवरचं तेव्हा नुसती काठी होतं.

मात्र ती फूट जवळून पाहिली की शंका येते. पेर (दोन पानांमधलं अंतर) लांब, देठ नाजूक, पान मोठं पण पातळ आणि फिकट, सगळा कल खिडकीकडे. शेवटी माझं मत फिरवलं ते याच फुटीने, कारण हे झाड कधीतरी बाहेर न्यावंच लागतं आणि आपल्याकडे थंडी संपणं आणि ऊन तापणं यांत अंतरच राहत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारचं ऊन टोचायला लागतं, महाशिवरात्रीच्या सुमारास तर गच्चीची फरशीही तापते. सावलीत तयार झालेल्या पानाला ते ऊन झेपत नाही. आधी पांढरट चट्टा पडतो, मग तो भाग कागदासारखा सुकतो. थंडीतून वाचलेली फूट उन्हात जाते आणि झाडाला साठवलेल्या ताकदीतून दुसऱ्यांदा पालवावं लागतं.

यावरचा उपाय सगळ्यांना माहीत असतो: आधी तासभर कोवळं ऊन, मग दोन तास, असं वाढवत न्यायचं. पण भरलेली अठरा इंची कुंडी रोज बाहेर काढायची आणि आत घ्यायची, तेही दोन-तीन आठवडे! आपण झाडाला उन्हाची सवय लावत असतो आणि ऊन रोज पुढे पळत असतं. मला या कामाचा फार जाच झाला.

गच्चीवरच्या झाडाचा त्रास वेगळा. रोज संध्याकाळी झाकायचं, सकाळी उघडायचं, एकही दिवस चुकवून चालत नाही. दोन दिवस गावाला जायचं तर शेजाऱ्यांना सांगावं लागतं. पण हे पाच मिनिटांचं काम आहे आणि सामान घरातच असतं. हिवाळ्यात रिकामा पडलेला कूलरचा लोखंडी स्टँड पालथा घालून झाडाभोवती ठेवला की सांगाडा तयार. झाड उंच असेल तर चार बांबू. त्यावर जुनी सुती चादर, पानांना-फांद्यांना न टेकता थेट फरशीपर्यंत सोडलेली. निरभ्र रात्री झाडाची उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते, त्यामुळे पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. चादर नेमकं तेच अडवते. कडा वर राहिल्या तर खालून उत्तरेचा वारा शिरतो, म्हणून विटा ठेवायच्या.

प्लास्टिक मी वापरत नाही. रात्री त्याला आतून पाणी सुटतं आणि जिथे पान टेकतं तिथे ते काळं पडतं. सकाळी उघडायला उशीर झाला तर आत भट्टी होते, कारण आपल्याकडे पहाटे दहा अंश असले तरी दुपारी अठ्ठावीस असू शकतात. शेतकरी पपई-टरबुजावर घालतात तो पांढरा क्रॉप कव्हरचा कपडा मिळाला तर चादरीहून हलका आणि चांगला.

कुंडी दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लावून ठेवावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री थोडी ऊब सोडते. माझ्या गच्चीवरच्या झाडाला फूट उशिरा आली हे खरं, पण आली ती आखूड पेरांची, जाड आणि गर्द हिरवी. मार्चमध्ये दुपारपुरती हिरवी नेट लावली, तेवढ्यावर ती टिकली.

झाड कुठेही ठेवा, कात्री मात्र होळीपर्यंत लांब ठेवा. शेंडा सुकला म्हणून लगेच कापला तर खालचे डोळे थंडीतच जागे होतात आणि पुढची गार रात्र त्यांनाही मारते. फांदी मेली का, हे नखाने पाहायचं. साल अगदी हलकी खरवडली आणि खाली ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे. कोरडं तपकिरी दिसलं तर बोटभर खाली सरकून पुन्हा पाहायचं. माझ्या झाडाचे शेंडे पार मेलेले होते, पण वीतभर खाली हिरवं लागलं आणि फूट तिथूनच आली. आंब्याचं कलम असेल तर फूट जोडाच्या वरून आली का हेही बघा. जोडाखालची रानटी फूट काढून टाकायची.

पाण्याचा हात आखडता घ्या. पानंच नसतील तर झाड पाणी ओढत नाही, आणि गार चिखलात मुळं कुजतात. घरातल्या कुंडीत हा धोका जास्त, कारण तिथे माती सुकतच नाही. बोट दोन पेरं घालून कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी ऊन आल्यावर. खत नवी पानं पूर्ण उघडल्यावर.

कुंडी दहा-बारा इंची असेल, पूर्वेला भरपूर उजेडाची ग्रिलची बाल्कनी असेल किंवा रोज जिना चढणं होत नसेल, तर झाड घरात घेणंच बरं. झाड मोठं असेल तर माझा कल गच्चीकडे. वेधशाळेने थंडीच्या लाटेचा इशारा दिला असेल त्या रात्री मी चादरीवर एक जुनी गोधडी टाकतो आणि कुंडीलाही गोणपाट गुंडाळतो, कारण कुंडीतली माती जमिनीपेक्षा फार लवकर गार होते.